एका जागेची चौकशी

प्रश्न : उड्डाणापूर्वी प्रवाशाचं वजन घेतलं होतं का?
उत्तर : हो, सर.

बापूसाहेब निंबोरे काट्यावर चढायला तयार नव्हते. काटा रेशनच्या गोदामातला, पोती तोलायचा. आम्ही तो हेलिपॅडच्या कडेला कायमचा मांडून ठेवला होता. त्या उंचीवर हवा इतकी विरळ की आमच्या छोट्या हेलिकॉप्टरला एकेक किलो जाणवायचा. त्यामुळे जनरल असो की कोंबडी, वर जाणारा प्रत्येक जीव आधी काट्यावर उभा राहायचा.

"मी काय कांद्याचं पोतं आहे?" बापूसाहेब म्हणाले.

"पोत्याला आम्ही विचारत नाही, सर. तुम्हाला विनंती करतोय."

त्यांनी मागे वळून पाहिलं. छावणीचे कर्नल, दोन मेजर आणि बापूसाहेबांचा स्वीय सहायक, सगळे त्यांच्याकडे बघत होते. कुणी हसत नव्हतं. हसू दाबल्यावर होतो तसा एका मेजरचा चेहरा झाला होता.

बापूसाहेबांनी स्वतःच एक आकडा सांगितला आणि म्हणाले, "तेवढंच लिहून घ्या."

मी काट्याकडे हात केला. ते चढले. त्यांच्या आकड्यात आणि काट्याच्या आकड्यात एका मध्यम शेळीचा फरक निघाला.

"कोट जाड आहे," ते म्हणाले.

मी शेळीच्या हिशेबाने हेलिकॉप्टरच्या टाकीतलं तेल काढून टाकायला सांगितलं.

*

वरचा प्रश्न आणि उत्तर चौकशीतलं आहे. पुढेही अधूनमधून येतील. तेव्हा मी हवाई दलात स्क्वाड्रन लीडर होतो. हिमनदीवरच्या चौक्यांना रॉकेल, बटाटे, पत्रं आणि माणसं पोचवायची आणि आजारी माणसं खाली आणायची, हे आमचं काम. खासदार बापूसाहेबांना मी एका चौकीवर सोडून परत आलो, म्हणून चौकशी लागली. तीन अधिकारी, एक टेबल, एक टाइप करणारा. ग्रुप कॅप्टन भल्ला विचारायचे, मी सांगायचो, तो टाइप करायचा. माझी उत्तरं कुठल्यातरी कपाटात असतील. बाकीचं कुणी टाइप केलेलं नाही.

*

प्रश्न : दौऱ्याचा हेतू काय होता?
उत्तर : जवानांना दिवाळीचा फराळ वाटणे.

त्या नोकरीत मी खूप प्रवासी नेले. तळ्यावरून आणखी एक फेरी मारा म्हणणाऱ्या जनरलच्या बायका नेल्या. जवानांना श्वास कसा घ्यावा हे शिकवायला आलेला एक योगगुरू नेला, तो उतरताच बेशुद्ध पडला आणि त्याला श्वास जवानांनी दिला. सीमा कुठे आहे असं विचारून उलट्या दिशेला दुर्बीण लावणारे तज्ज्ञ नेले. सगळ्यांत चांगला प्रवासी म्हणजे रॉकेलचा डबा. तो आपल्याला आडनाव विचारत नाही.

"रणदिवे म्हणजे कुठले?" बापूसाहेबांनी मागच्या सीटवरून विचारलं. कानावरच्या हेडफोनमधून बोलता येतं हे कळल्यापासून ते थांबले नव्हते.

"नाशिकचे, सर."

"आमची धाकटी नाशिकला दिलीय. जावई इंजिनियर आहे. रणदिवे, एक सांगा, हा बर्फ एवढा असाच पडून असतो?"

"हो, सर."

"काहीच उपयोग करत नाही कुणी?"

माझ्या शेजारी सहवैमानिक कुरियन बसला होता. केरळचा, मराठीचा एक शब्द कळत नसे. त्याने भुवया उंचावून विचारलं, काय म्हणतायत?

"बर्फ वाया जातोय म्हणतात," मी त्याला इंग्रजीत सांगितलं.

कुरियनने गंभीरपणे मान डोलावली आणि इंजिनाच्या काट्यांकडे पाहत राहिला.

आम्ही नेहमी जोडीने उडायचो. दुसरं हेलिकॉप्टर फराळाची खोकी घेऊन पुढे गेलं होतं. प्रत्येक खोक्याच्या झाकणावर बापूसाहेबांचा हात जोडलेला फोटो होता. खोक्यात लाडू, चकल्या, करंज्या. या प्रवासासाठी ते आठवडाभर खाली छावणीत राहिले होते, उंचीची सवय व्हावी म्हणून. डॉक्टरांचा दाखला होता. बातम्यांसाठी पत्रक आधीच लिहून झालं होतं. फक्त फोटो बाकी होता.

*

प्रश्न : चौकीवर इंजिन बंद केलं होतं का?
उत्तर : नाही, सर. तिथे करत नाहीत.

त्या उंचीवर बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरू होईलच असं नाही. म्हणून पाती फिरतीच ठेवायची. मी आणि कुरियन जागेवरून हलायचं नाही. प्रवाशाने वाकून उतरायचं, काम उरकायचं, वाकून परत यायचं. ही सगळी गोष्ट मी बापूसाहेबांना काट्यापाशीच समजावून सांगितली होती.

"पाच-दहा मिनिटं धरा, सर."

"भाषण नाही होणार तेवढ्यात."

"नाही होणार, सर."

हेलिपॅड म्हणजे बर्फ तुडवून केलेला एक ओटा. बाजूला फायबरची एक झोपडी, तिच्या दाराशी मराठा पलटणीचे सात-आठ जवान रांगेत उभे. सुभेदार महिपती चौगुले पुढे झाले. कोल्हापूरकडचे, रुंद माणूस, बर्फाने भाजून चेहरा विटेसारखा झालेला. चार महिन्यांनी निवृत्त होऊन घरी जायचे होते. त्यांनी बापूसाहेबांना हात धरून उतरवलं.

फोटो चौकीवरच्याच एका जवानाने काढले. कॅमेरा बापूसाहेबांचा. पहिला फोटो खोकं देताना. दुसरा लाडू भरवताना. तिसरा पुन्हा लाडू भरवताना, कारण दुसऱ्यात बापूसाहेबांचे डोळे मिटले होते. मला काच आणि पात्यांच्या वाऱ्यापलीकडे ते मूकपटासारखं दिसत होतं.

ज्याला लाडू भरवला जात होता तो जवान मी दुसऱ्यांदा पाहिला. मग तिसऱ्यांदा. त्याच्या दोन्ही बाजूचे जवान त्याला खेटून उभे होते. रांगेत कुणी इतकं खेटून उभं राहत नाही. त्यांनी त्याला काखेत धरलं होतं. लाडू त्याच्या ओठांना लागला, पण तोंड उघडलं नाही. ओठ निळे होते.

मी कुरियनला कोपर मारलं. तो म्हणाला, "पाहिलं. आणि तिकडे बघ." दरीच्या तोंडाशी ढग शिरत होता.

बापूसाहेब वाकून परत आले. बसले, पट्टा लावला, हेडफोन चढवला. "चला, छान झालं," ते म्हणाले.

*

प्रश्न : जवान आजारी असल्याचं तुम्हाला कुणी कळवलं?
उत्तर : मीच पाहिलं, सर.

मी खिडकी सरकवून चौगुल्यांना हाताने बोलावलं. ते वाकत आले. बोलणं ओरडूनच करावं लागत होतं.

"तो मधला. काय झालंय त्याला?"

"सर्दी आहे, साहेब."

"सर्दीनं ओठ निळे होतात, सुभेदारसाहेब?"

चौगुल्यांनी मागे बसलेल्या बापूसाहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन दिवस झाले. खोकतोय. ऑक्सिजनचा सिलिंडर लावला होता, तो संपला. सकाळपासून थुंकीत गुलाबी फेस येतोय."

फुफ्फुसात पाणी भरलं होतं. तिथे हे होतं, आणि त्यावर एकच औषध असतं. खाली उतरवणं.

"रेडिओवर का नाही सांगितलंत? काल आलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं." ते म्हणाले. मी हाताने पुढे बोला म्हटलं. "खालून निरोप होता, पाहुण्यांच्या तालुक्यातला जवान फोटोत पाहिजेच. आमच्याकडे पिंपळदरी तालुक्यातला हा एकटा. शिपाई तुळशीदास खोमणे. काल खाली नेला असतात तर आज उभा कुणाला करणार? म्हटलं, एक दिवस काढेल."

"पुढचा दिवस काढेल का?"

त्यांनी मान हलवली. नाही.

मला त्या माणसाचा तिथल्या तिथे तिटकारा आला. इतक्या वर्षांची नोकरी, छातीवर पदकं, आणि मरायला टेकलेलं पोर फोटोसाठी काखेत धरून उभं करतो. तेही कुणासाठी, तर काट्यावर एक शेळी लपवणाऱ्या या माणसासाठी.

"आणा त्याला," मी म्हणालो.

*

प्रश्न : प्रवाशाला परिस्थितीची कल्पना दिली होती का?
उत्तर : दिली होती, सर.

"सर, तुम्हाला उतरावं लागेल," मी मायक्रोफोनमध्ये म्हणालो.

"आणखी फोटो?"

"नाही. तो जवान गंभीर आहे. जागा एकच आहे. तो खाली जाईल, तुम्ही इथे थांबा. हवा मोकळी झाली की मीच न्यायला येतो."

बापूसाहेबांनी काचेतून वर बोट दाखवलं.

"ते वर फिरतंय ते दुसरं हेलिकॉप्टर काय शोभेला आहे?"

"त्याचं तेल परत जाण्यापुरतंच आहे. ते उतरू शकत नाही."

"मग दोघांना न्या. तो काडीसारखा आहे, मांडीवर घेतो मी."

"हेलिकॉप्टर उठणार नाही."

"मला घेऊन आलं ते?"

"तुम्हाला घेऊन आलं, सर. म्हणूनच दुसऱ्याला घेऊन उठणार नाही."

कुरियनने पुन्हा ढगाकडे बोट दाखवलं. ढग आता दरीच्या अर्ध्यात होता.

"रणदिवे," बापूसाहेब सावकाश म्हणाले, "मी कोण आहे तुम्हाला माहीत आहे ना?"

"वजनासकट माहीत आहे."

"मला बीपी आहे. इथे काही झालं तर? एक जवान गेला तर त्याला हुतात्मा म्हणतात. मी गेलो तर तुम्हाला काय म्हणतील, विचार करा. चला, उडवा. हा माझा हुकूम समजा."

हे त्यांनी सभेत बोलतात तशा सुरात म्हटलं. एवढ्यात दोन जवान खोमणेला घेऊन दाराशी आले होते. चौगुल्यांनी दार उघडलं. बापूसाहेबांनी दोन्ही हातांनी माझ्या सीटची मागची नळी घट्ट धरली. मला मानेपाशी त्यांचे हात जाणवत होते. मला जागा सोडता येत नव्हती, हातपाय हेलिकॉप्टरला बांधलेले. मी चौगुल्यांकडे पाहिलं.

चौगुले म्हणाले, "बापूसाहेब, माफी असावी." त्यांनी पट्टा सोडला, मग नळीवरची बोटं एकेक करून सोडवली, कमरेला मिठी मारली आणि खासदारांना उचलून बाहेर बर्फावर बसवलं. उचलताना त्यांनी एक अस्सल कोल्हापुरी शिवी दिली. हेडफोनची तार ताणली गेली आणि सुटली. कुरियन त्या वेळी इंजिनाच्या काट्यांकडे असा एकाग्र होऊन पाहत होता की जणू जन्मात काटे पाहिले नव्हते.

खोमणेला आत बसवलं. त्याच्या छातीतून पाण्यात फुंकल्यासारखा आवाज येत होता. कुरियनने त्याच्या कानावर हेडफोन चढवला, तेव्हा तो पुटपुटला, "साहेब, फोटो झाला का?"

"झाला," मी म्हणालो, आणि हेलिकॉप्टर ओट्याच्या कडेवरून दरीत सोडून दिलं. तिथून असंच निघतात. आधी पडायचं, मग वेग मिळतो. मागे बर्फात बसलेला एक माणूस दोन्ही हात हलवत होता. निरोपाचे ते हात नव्हते.

खोमणे वाचला. खाली डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर वर राहिला असता तर तुम्ही प्रेत आणलं असतं.

*

ढग तीन दिवस हलला नाही. चौकीचा रेडिओ रोज लागायचा आणि चौगुले रोज तेवढंच सांगायचे.

पहिल्या दिवशी : "पाहुणे ठीक आहेत."

दुसऱ्या दिवशी : "पाहुणे ठीक आहेत. हेलिकॉप्टर कधी येणार विचारतात. दर अर्ध्या तासाला विचारतात."

तिसऱ्या दिवशी : "पाहुणे ठीक आहेत. लाडू संपले. करंज्या कालच संपल्या. चकल्या आमच्या पोरांनी लपवल्यात."

चौथ्या दिवशी मीच न्यायला गेलो. बापूसाहेब चौकीवरचा जाड कोट घालून उभे होते, दाढी वाढलेली. काट्याची गरज नव्हती, या वेळी न्यायचे ते एकटेच होते. चौगुले त्यांना दारापर्यंत घेऊन आले आणि माझ्या खिडकीशी वाकले.

"साहेब, चौकशी होणार ना?"

"होणार."

"मी हात लावला त्यांना. आणि त्या पोराला उभं केलं, तेही निघणारच."

त्यांनी सलाम ठोकला आणि मागे सरले.

उतरताना बापूसाहेबांचा हेडफोनमध्ये आवाज आला. "तू आणि तो सुभेदार. दोघांना संपवतो. तुझे छातीवरचे पंख काढून घेतो. त्याला बेड्या घालून गावात फिरवतो, तेव्हा कळेल खासदाराला हात लावणं काय असतं."

कुरियनने भुवया उंचावल्या.

"देखावा आवडलाय," मी त्याला सांगितलं.

छावणीच्या हेलिपॅडवर गर्दी होती. खासदार चौकीवर कसे राहिले याचा खुलासा कर्नलांना दिल्लीला द्यावा लागला होता, आणि कर्नल हुशार माणूस होते. त्यांनी कळवलं होतं, आजारी जवानासाठी खासदारांनी स्वतःची जागा दिली. आता तिथे प्लॅस्टिकच्या फुलांचा हार होता, कारण खरी फुलं त्या मुलखात मिळत नाहीत. दिल्लीहून आलेला एक वार्ताहर होता. बापूसाहेब उतरले ते माझ्याकडे बोट दाखवायला हात वर करूनच. तेवढ्यात वार्ताहराने विचारलं, "सर, त्या जवानासाठी आपली जागा सोडताना मनात काय आलं?"

वर गेलेला हात थांबला. तो हळूहळू खाली आला आणि दुसऱ्या हाताला जुळला. कर्नलांनी हार घातला. हारातून मान वर आली तेव्हा चेहरा दुसराच होता.

"काय येणार मनात?" बापूसाहेब म्हणाले. "आमच्याच मातीतलं पोर."

संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. खोलीत आम्ही दोघंच. "झालं गेलं विसरा, रणदिवे," ते म्हणाले. "आपण सगळे एकाच देशाची माणसं. चौकशीत जे खरं तेच सांगा." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हसले. मी ठरवलं, खरं तेच सांगायचं. पंख गेले तर गेले. या माणसाची बोटं कशी सोडवावी लागली ते एकेक बोट मोजून सांगायचं.

*

प्रश्न : प्रवासी स्वेच्छेने उतरला का?

चौकशीच्या खोलीचं दार उकाड्यासाठी नव्हे, शेगडीच्या धुरासाठी उघडं ठेवलं होतं. बाहेर बाकावर सुभेदार चौगुले बसले होते. माझ्यानंतर त्यांना बोलावणार होते. इस्त्रीचा गणवेश, सगळी पदकं, मांडीवर टोपी. पाठ ताठ. ते आत पाहत नव्हते.

मी "नाही" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग त्याला कुणी उतरवलं? आणि त्याच्या पुढचा, आजारी जवान रांगेत उभा का होता? दोन्हींचं उत्तर बाहेर बाकावर बसलं होतं. ज्या हातांनी खोमणेला उभं केलं तेच हात होते, आणि ज्या हातांनी त्याला जागा करून दिली तेही तेच होते. पहिल्यासाठी त्यांना जी शिक्षा द्यावी तिला माझी हरकत नव्हती. दुसऱ्यासाठी त्यांचा गणवेश उतरवलेला मला पाहायचा नव्हता. पण चौकशी दोन्ही एकत्रच करणार होती. आणि बापूसाहेबांचं खोटं उघडं पाडायचं तर आधी चौगुल्यांना बळी द्यावं लागत होतं.

"हो, सर," मी म्हणालो. "स्वेच्छेने."

भल्लांनी सुटकेचा श्वास टाकला. त्यांनाही हेच हवं होतं. सगळ्यांनाच हेच हवं होतं, हे त्या खोलीत पाऊल टाकल्यापासून दिसत होतं.

"काही बोलले का ते? त्या क्षणी? सन्मान द्यायचा विचार चाललाय, त्यांचे शब्द जसेच्या तसे हवेत."

तेव्हा माझ्या मनात त्या माणसाबद्दल, त्याच्या लाडवांबद्दल, झाकणावरच्या जोडलेल्या हातांबद्दल जेवढी घृणा साठली होती ती सगळी मी एका वाक्यात घातली. इतकं खोटं, इतकं उदात्त वाक्य की बापूसाहेबांना एकदा जरी भेटलेला माणूस ऐकून हसला असता.

"ते म्हणाले, सर, मला जागा पुन्हा मिळेल, त्याला श्वास पुन्हा मिळणार नाही."

कुणी हसलं नाही. टाइप करणाऱ्याने हात थांबवला आणि म्हणाला, "सर, पुन्हा एकदा सांगाल?" मी पुन्हा सांगितलं. भल्ला खिडकीबाहेर पाहत होते. मग ते म्हणाले, "आणि आपण यांना नावं ठेवतो."

चौगुल्यांना आत बोलावलं. त्यांना तोच एक प्रश्न विचारला गेला, आणि त्यांनी "हो, साहेब" म्हटलं.

*

यंदा पिंपळदरीला गेलो होतो. बापूसाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या नावाचं कॉलेज आहे, दारात त्यांचा पुतळा आहे, एक हात आकाशाकडे. खाली काळ्या दगडावर ते वाक्य कोरलंय, सोनेरी अक्षरांत, आणि त्याखाली त्यांचं नाव.

तुळशीदास खोमणे मला न्यायला मोटारसायकल घेऊन आला होता. तो आता गावात पिठाची गिरणी चालवतो. केस पांढरे झालेत. आम्ही दोघं पुतळ्यासमोर उभे राहिलो.

"खोमणे, त्या दिवशी तू शुद्धीत होतास?"

"होतो की, सर. डोळे उघडत नव्हते, पण सगळं ऐकू येत होतं. सुभेदारसाहेबांनी शिवी दिली ती पण ऐकली."

"मग हे?"

त्याने दगडावरची ओळ शेवटपर्यंत वाचली. ओठ हलत होते.

"वाक्य चांगलंय, सर," तो म्हणाला. "माझी मुलगी ह्याच्यावर वक्तृत्वात पहिली आली."